निकाल लागेपर्यंत : मुंबई विरुद्ध होळकर, 1945

दुसरं महायुद्ध पेटलं आणि जगातली क्रिकेटची मैदानं एकामागून एक ओस पडत गेली. इंग्लंडमधली काउंटी अजिंक्यपद स्पर्धा 1939 च्या हंगामानंतर थेट 1946 मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शिल्ड बंद पडली. 1939-40 च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात येणार होता, तो दौरा रद्द झाला. खेळाडू सैन्यात गेले. काही परत आले, काही आलेच नाहीत.

भारतात रणजी करंडक मात्र युद्धाच्या सहाही वर्षांत अखंड चालू राहिला. युद्धाची झळ इथे पोचत नव्हती असं नाही. मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग आलं. एप्रिल 1944 मध्ये व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेलं जहाज फुटलं आणि शहराचा एक भाग बेचिराख झाला. आपल्या नाशिकच्या देवळाली छावणीत फौजा येत-जात होत्या. 'छोडो भारत'च्या धामधुमीत 1942-43 ची मुंबईतली, धर्मनिहाय संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा झालीच नाही. तरीही हिवाळा लागला की पुण्यात, मुंबईत, इंदुरात, बडोद्यात तीन यष्ट्या रोवल्या जात आणि सामने सुरू होत. प्रथम दर्जाचं क्रिकेट असं नियमित चालू राहिलेला त्या काळातला मोठा देश भारतच होता. जगानं तिकडे फारसं पाहिलं नाही. म्हणूनच मार्च 1945 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर काय घडलं, हे नीट सांगायला हवं.

त्यासाठी आधी त्या वेळच्या नियमाकडे पाहावं लागतं. रणजी ही तेव्हा बाद पद्धतीची स्पर्धा होती. हरला तो घरी गेला. त्यामुळे सामना अनिर्णित सुटून चालत नसे. एरवी ठरलेल्या दिवसांत निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो जिंकला असं धरत. अंतिम सामन्याला मात्र वेळेचं बंधन नव्हतं. दोन्ही संघांचे दोन्ही डाव पूर्ण होऊन निकाल लागेपर्यंत खेळायचं, मग कितीही दिवस लागोत. कसोटी क्रिकेटमध्ये असे सामने होत. मार्च 1939 मध्ये डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात असाच एक सामना दहा दिवस रखडला. इंग्लंडला 696 धावा हव्या होत्या. 5 बाद 654 पर्यंत ते पोचले आणि परतीचं जहाज सुटायची वेळ झाली म्हणून सामना सोडून द्यावा लागला. कसोटीतला हा प्रकार तिथेच संपला. आपल्याकडे तो स्थानिक क्रिकेटमध्ये टिकून राहिला.

खेळपट्ट्याही फलंदाजांच्याच बाजूच्या होत्या. बॅकबेच्या भराव टाकलेल्या जमिनीवर 1937 मध्ये उभं राहिलेलं ब्रेबॉर्न तर गोलंदाजांची सत्त्वपरीक्षा घ्यायलाच बांधलंय असं वाटावं. त्या वर्षांतले आकडे पाहा. 1939-40 मध्ये पुण्यात विजय हजारे यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या. पुढच्या हंगामात पुण्यातच महाराष्ट्र आणि मुंबई भिडले. महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे, वयाची अठ्ठेचाळिशी गाठलेले. त्यांनी 246 धावा काढल्या. महाराष्ट्राच्या 675 झाल्या. मुंबईकडून खंडू रांगणेकरांनी 202 केल्या, संघाची धावसंख्या 650 झाली, आणि तरीही मुंबई पहिल्या डावात 25 धावांनी मागे राहून स्पर्धेबाहेर गेली. साडेसहाशे धावा करूनही हरता येतं, हा धडा मुंबईच्या फलंदाजांनी त्या दिवशी घेतला असणार. पुढच्या वर्षांत त्यांची फलंदाजी ज्या निर्दय चिकाटीची झाली, तिचं मूळ मला तरी तिथे दिसतं.

डिसेंबर 1943 मध्ये पंचरंगीच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंटनी नाबाद 250 केल्या. ख्रिस्ती असल्यामुळे 'इतरेजन' संघाकडून खेळणाऱ्या हजाऱ्यांनी त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात, संघाच्या 387 धावांपैकी एकट्यानं 309 केल्या. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा होता. त्या दोघांच्या 300 धावांच्या भागीदारीत विवेकच्या होत्या 21. महिन्याभरात मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 करून हजाऱ्यांना मागे टाकलं. लोक हे द्वंद्व डोळ्यांत तेल घालून पाहत होते. धर्मावर आधारलेल्या पंचरंगीला गांधीजींनी डिसेंबर 1940 मध्येच उघड विरोध केला होता आणि तो रास्तच होता. रणजीतले संघ मात्र प्रांतांचे आणि संस्थानांचे होते. देशाच्या क्रिकेटचा पुढचा रस्ता तिथूनच जाणार होता.

संस्थानांचा इथे मोठाच वाटा आहे. त्या काळी भारतात क्रिकेट खेळून पोट भरण्याची सोय नव्हती. ती राजेरजवाड्यांनी केली. खेळाडूला फौजेत हुद्दा द्यायचा किंवा दरबारात नोकरी द्यायची आणि त्यानं क्रिकेट खेळायचं. हजारे देवासच्या महाराजांच्या पदरी होते, पुढे बडोद्याला गेले. इंदूरच्या होळकरांनी हे सर्वांत चोखपणे केलं. आमच्या नाशिक जिल्ह्याला होळकर परके नाहीत. दिंडोरीहून पूर्वेला गेलं की चांदवड लागतं, तिथला रंगमहाल होळकरांचाच. अहिल्याबाईंच्या नावानं आजही ओळखला जातो. 1818 मध्ये इंग्रजांनी हा मुलूख घेतला, पण इंदूरची गादी राहिली. त्या गादीवरच्या तुकोजीरावांनी 1923 मध्ये नागपूरच्या एका उंच, करारी फलंदाजाला बोलावून आपल्या फौजेत कॅप्टन केलं. ते कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात 1941-42 पासून होळकर हा स्वतंत्र संघ रणजीत उतरला. सी. के. त्याचे कर्णधार, त्यांच्या धाकाखाली मुश्ताक अली आणि चंदू सरवटे, आणि सोबत सी. कें.चे धाकटे भाऊ कोट्टारी सुब्बण्णा, म्हणजे सी. एस. नायडू.

सी. एस. लेगस्पिन आणि गुगली टाकत. आधी ते बडोद्याकडून खेळत. 1942-43 च्या एका रणजी हंगामात त्यांनी बडोद्यासाठी 40 बळी घेतले होते.

या संघात 1944 नंतर एक अनपेक्षित भर पडली. इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत एक इंग्रज सार्जंट-मेजर शारीरिक शिक्षणाचं काम पाहत होता. त्याचं नाव डेनिस कॉम्प्टन. मिडलसेक्सचा फलंदाज, आर्सेनलचा फुटबॉलपटू, 1938 मध्येच ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी शतक ठोकलेला. युद्धानं त्याच्या उमेदीची वर्षं खाल्ली होती. महूला आल्यावर ती थोडीफार परत मिळाली. रेग सिम्पसन, जो हार्डस्टाफ असे आणखीही इंग्रज खेळाडू युद्धाच्या निमित्तानं इथे खेळून गेले. पण होळकरांच्या वाट्याला आला तो त्या सगळ्यांत गुणी.

मार्च 1945. तिकडे ब्रह्मदेशात मेक्तिलाच्या आसपास हिंदी पलटणी जपान्यांशी झुंजत होत्या. इकडे मुंबईत ब्रेबॉर्नवर रणजीचा अंतिम सामना सुरू झाला. मुंबईचे कर्णधार विजय मर्चंट, होळकरांचे सी. के. नायडू. सी. के. तेव्हा 49 वर्षांचे. होळकरांचा हा पहिलाच अंतिम सामना.

मुंबईनं पहिली फलंदाजी केली. त्या हंगामात त्यांचा रुसी मोदी नावाचा शिडशिडीत फलंदाज भलत्याच सुरात होता. अंतिम सामन्याआधीच त्याची शतकांमागून शतकं झाली होती. इथे त्याचं शतक दोन धावांनी हुकलं. 98. मुंबईचा डाव 462 वर संपला. 462 ही एरवी सुस्थितीच, पण सी. एस. नायडूंनी 64.5 षटकं टाकून 153 धावांत 6 बळी घेतले नसते तर ती कुठे पोचली असती याचा अंदाज दुसऱ्या डावानं दिला. डावाचा शेवटचा चेंडूही सी. एस. यांचाच होता. एका डावात जवळजवळ 65 षटकं. आजचा फिरकी गोलंदाज अख्ख्या सामन्यात एवढी षटकं टाकतो तेव्हा त्याच्या खांद्याची चर्चा होते.

होळकरांकडून मुश्ताक अलींनी 109 केल्या. पुढे सरसावून, यष्ट्या सोडून खेळण्याची त्यांची तऱ्हा अशी की लोक त्यांच्यासाठी तिकीट काढत. पण संघ 360 वर थांबला. मुंबईकडे 102 धावांची आघाडी होती.

आता मर्चंटनी काय करावं? वेळेची मर्यादा असती तर जलद दोनशे-अडीचशे करून डाव घोषित करणं हा शहाणपणा ठरला असता. इथे घड्याळ नव्हतं. डाव घोषित करून काहीच मिळणार नव्हतं, आणि समोर मुश्ताक, कॉम्प्टन, सी. के. असताना एकही धाव सोडून देण्यात अर्थ नव्हता. मुंबई खेळत राहिली. मर्चंट 278, मोदी 151, रुस्तुम कूपर 104. तिघांच्या मिळून 533. सगळा संघ बाद झाला तेव्हा फलकावर 764 धावा होत्या. काहींना हे कंटाळवाणं वाटेल, निष्ठुरही वाटेल. नियमाच्या चौकटीत मात्र ते निर्दोष होतं. मर्चंटांची फलंदाजी अशीच होती. चेंडूच्या रेषेत डोकं, लेट कट सोडला तर जोखीम जवळजवळ शून्य, आणि शतक झाल्यावर पुन्हा नव्यानं शून्यापासून सुरुवात. मोदींच्या त्या हंगामातल्या रणजी धावा या डावात हजारावर गेल्या. सात डावांत 1008. एका हंगामात हजार रणजी धावा करणारे ते पहिले.

या सगळ्या वेळात चेंडू कोण टाकत होतं? पुन्हा सी. एस. नायडूच. दुसऱ्या डावात 88 षटकं, त्यातली 15 निर्धाव, 275 धावा, 5 बळी. थोरला भाऊ कर्णधार आणि धाकटा गोलंदाज. सी. के. फार कडक शिस्तीचे होते. स्वतःच्या शरीराला त्यांनी कधी सूट दिली नाही, आणि भावाला ती देतील हेही संभवत नव्हतं. दोन्ही डाव मिळून सी. एस. यांनी 152.5 षटकं टाकली, म्हणजे 917 चेंडू. त्यांच्यावर 428 धावा निघाल्या आणि 11 बळी मिळाले. प्रथम दर्जाच्या सामन्यात एका गोलंदाजानं टाकलेले सर्वाधिक चेंडू आणि दिलेल्या सर्वाधिक धावा, हे दोन्ही विक्रम त्यांच्याच नावावर लागले. कसोटी क्रिकेटमध्ये एका सामन्यातल्या चेंडूंचा विक्रम वेस्ट इंडीजच्या सॉनी रामाधिन यांचा, 1957 मधला, 774 चेंडूंचा आहे. सी. एस. त्याच्याही पुढे 143.

लेगस्पिनचा चेंडू मनगट आणि तिसरं बोट यांच्या पिळानं वळतो. मार्चमधली मुंबई. टणक खेळपट्टी, समोर मर्चंट आणि मोदी, ज्यांना बाद होण्याची घाई नाही. अशा स्थितीत 88 व्या षटकापर्यंत टप्पा धरून ठेवणं यात केवढी जिद्द लागली असेल! विक्रमांच्या यादीत मर्चंटचे 278 आणि पुढे कॉम्प्टननी केलेले 249 हे आकडे ठळक दिसतात. 917 हा त्यांच्या बरोबरीनं सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

होळकरांपुढे लक्ष्य होतं 867 धावांचं. चौथ्या डावात एवढ्या धावा कुणी केल्या नव्हत्या, आजवरही कुणाच्या झालेल्या नाहीत. डर्बनच्या त्या 654 हाच अजून उच्चांक आहे. तरी खेळायचं होतं, कारण अनिर्णित हा पर्यायच नव्हता. मुश्ताकनी पुन्हा शतक केलं, 139. आणि कॉम्प्टनना आपली लय सापडली. एका बाजूनं गडी बाद होत राहिले, दुसऱ्या बाजूनं हा इंग्रज सैनिक पदलालित्यानं पुढे येत, मागे सरत, स्वीप मारत खेळत राहिला. त्या डावाबद्दल कॉम्प्टन पुढे एक गोष्ट सांगत. एका धनिकानं त्यांना शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. सामना संपल्यावर त्यांच्या हाती पैशांऐवजी चिठ्ठी आली; तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागतंय, असं त्या गृहस्थांनी कळवलं होतं. पैसे बुडाले, धावा राहिल्या. होळकरांचा डाव 492 वर आटोपला तेव्हा कॉम्प्टन 249 वर नाबाद होते. मुश्ताक आणि कॉम्प्टन यांच्या 388 वजा केल्या तर उरलेल्या नऊ जणांच्या आणि अवांतर मिळून 104 धावा राहतात. मुंबईनं 374 धावांनी करंडक जिंकला.

सहा दिवस सामना चालला. चार डाव, 40 बळी, 2078 धावा. डर्बनच्या दहा दिवसांत 1981 धावा झाल्या होत्या. तो जागतिक विक्रम मोडला. मुंबईत हे घडत होतं त्याच आठवड्याच्या अखेरीस, 9 मार्चच्या रात्री, अमेरिकी विमानांनी टोकियोवर आगीचा वर्षाव केला.

टोकियोचं नाव निघालंच आहे तर तिथला एक सामना इथे सांगितला पाहिजे. क्रिकेटला जसा वेळेचं बंधन नसलेला सामना, तसा बेसबॉलला जादा डावांचा. बेसबॉलमध्ये नऊ डावांत बरोबरी झाली तर दहावा, अकरावा असे डाव वाढत जातात. 24 मे 1942 रोजी, टोकियोवरच्या पहिल्या अमेरिकी हवाई हल्ल्याला महिना उलटला असताना, कोराकुएन मैदानावर नागोया आणि ताइयो या व्यावसायिक संघांचा सामना झाला. नागोया दोन गुणांनी मागे होते. नवव्या डावात सेइझो फुरुकावा यांनी होमरन मारून 4-4 अशी बरोबरी साधली. त्यानंतर एकोणीस जादा डाव कुणालाच गुण मिळाला नाही. 28 डावांनंतर अंधार पडला आणि खेळ बरोबरीत सोडून दिला. लागलेला वेळ होता 3 तास 47 मिनिटं. दोन्ही संघांनी गोलंदाज बदललाच नाही. नागोयाच्या मिचिओ निशिझावांनी 311 चेंडू फेकले, ताइयोच्या जिरो नोगुचींनी 344. मुंबईत जे ओझं सी. एस. नायडूंनी उचललं, तेच टोकियोत या दोघांनी.

परत आपल्या सामन्याकडे. त्याचे पडसाद काय उमटले?

होळकर हरले, पण मुंबईच्या अंगणात 492 धावा करून हरले. पुढच्याच हंगामात, 1945-46 मध्ये, त्यांनी बडोद्याला हरवून करंडक जिंकला. सी. के. तोवर पन्नास वर्षांचे झाले होते. त्यानंतर 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असे आणखी तीन करंडक इंदूरला गेले. संस्थान विलीन झालं, तरी होळकर हे नाव काही वर्षं स्पर्धेत टिकलं. इंदूर हेही भारतीय क्रिकेटचं एक बलाढ्य केंद्र आहे, हे त्या सहा दिवसांत ठळक झालं.

मर्चंट-मोदींच्या पिढीला घरी बसून का होईना, लांब डाव खेळण्याचा सराव झाला. 1946 मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा ओल्या, गार हवेत मर्चंटनी 2385 धावा केल्या. कॉम्प्टनचाही हात भारतात चालता राहिला. 1947 च्या इंग्लिश उन्हाळ्यात त्यांनी 18 शतकांसह 3816 धावा केल्या. एका हंगामातला तो उच्चांक कुणी मोडू शकलेलं नाही. पण या पद्धतीची दुसरी बाजूही होती. जिथे गोलंदाजाला 88 षटकं राबवूनच निकाल मिळतो, तिथे गोलंदाज घडत नाहीत, झिजतात. 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात आणि 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आपली गोलंदाजी तोकडी पडली, त्याचं एक कारण या पाटा खेळपट्ट्यांत आणि न संपणाऱ्या डावांत होतं.

तो धडा लगेच घेतला गेला नाही. मार्च 1949 मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र उपांत्य सामन्यात समोरासमोर आले आणि 2078 चा विक्रम चार वर्षांत मोडीत निघाला. मुंबई 651 आणि 8 बाद 714, महाराष्ट्र 407 आणि 604. एकूण 2376 धावा. दत्तू फडकर आणि उदय मर्चंट यांची दोन्ही डावांत शतकं. मुंबईच्या पहिल्या डावात 200 धावा करणारे आणि मग दोन्ही डाव यष्टीमागे उभे राहून नऊ बळींत हात असणारे खेळाडू होते माधव मंत्री. जन्म नाशिकचा, 1921 चा. पुढे ते भारताकडून खेळले, आणि त्यांचा भाचा सुनील गावसकर. मुंबईनं तो सामना 354 धावांनी जिंकला. पुढे रणजीच्या सामन्यांना दिवसांची मर्यादा आली आणि अशा आकड्यांचा काळ संपला.

सी. एस. नायडू 11 कसोटी खेळले आणि त्यांत त्यांना फक्त 2 बळी मिळाले. एवढ्यावरून त्यांना कुणी साधारण गोलंदाज ठरवू नये. रणजीत त्यांनी वर्षानुवर्षं मोठमोठ्या फलंदाजांना नमवलं, अनेक प्रांतांकडून खेळले, आणि 2002 मध्ये इंदुरात वारले तोवर त्यांच्या 917 चेंडूंच्या जवळपासही कुणी पोचलेलं नव्हतं.